इंदूनं न केलेली सही

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. संपादनाच्या नोकरीतल्या आठवणी सांगा, अशी बोलावणी मला कितीदा तरी आली. वाचनालयांतून आली, महाविद्यालयांतून आली, एकदा सोसायटीच्या गणेशोत्सवातही आली. प्रत्येक वेळी मी एका निवृत्त इंजिनिअरांची गोष्ट सांगायचो. त्यांनी आपलं आत्मचरित्र आलेखाच्या कागदावर, चौकोनात एकेक अक्षर असं लिहून आणलं होतं आणि "एक ओळ काढाल तर स्ट्रक्चर कोसळेल" असं बजावलं होतं. लोक हसायचे. शाल-नारळ घेऊन मी घरी यायचो. सुमनबाईंची गोष्ट मी कधीच सांगितली नाही. आता एक्याऐंशी पूर्ण झाली. आणखी टाळलं तर ती माझ्याबरोबरच जाईल.

नारायण पेठेत पहिल्या मजल्यावर आमचं प्रकाशनाचं ऑफिस होतं. खाली पंचांगं आणि पूजेचं सामान विकणारं दुकान असल्यामुळे आमच्याकडच्या सगळ्या हस्तलिखितांना उदबत्तीचा वास यायचा. मी तिथे अठ्ठावीस वर्षं संपादक होतो. संपादक करतो काय, असं बाहेरचे विचारतात. शुद्धलेखन तपासतो, असं बहुतेकांना वाटतं. ते काम मुद्रितशोधकाचं. संपादक काय ठेवायचं आणि काय काढायचं ते ठरवतो. यात साहित्यिक दृष्टी किती आणि कागदाचा हिशेब किती, ते सांगितलं तर लेखकांना राग येईल. पुस्तक सुट्या पानांनी छापत नाहीत. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापून तो घडी घालतात, त्याला फॉर्म म्हणतात. कादंबरी सोळाच्या पटीत बसली नाही तर शेवटची पानं कोरी राहतात, आणि कोरी पानं बघून आमच्या मालकांचा चेहरा आंबट व्हायचा. मग माझी लाल पेन्सिल निघायची. माझा नियम साधा होता. माणसं बोलतात ते ठेवायचं, झाडं हलतात ते काढायचं. लेखक मला मागून 'न्हावी' म्हणायचे, हे मला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

नव्वदीच्या दशकाचा तो उत्तरार्ध. घराघरात केबल आली होती, हिंजवडीला कंपन्या येऊ घातल्या होत्या. हडपसरच्या पलीकडे मांजरी गावच्या उसात फ्लॅटचे बोर्ड उभे राहायला लागले होते. मालक सारखे म्हणायचे, "दामले, लोक आता वाचणार नाहीत. जे वाचतील ते बायका. घरगुती काही तरी बघा." आणि त्याच आठवड्यात सुमन कदम आल्या.

त्या लोणी काळभोरला प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. माहेर मांजरीचं. फुलस्केप कागदांचा गठ्ठा त्यांनी शाळेच्या नकाशाच्या कापडात बांधून आणला होता. कादंबरीची नायिका इंदू. वडील वारल्यावर जमिनीच्या उताऱ्यावर भावांबरोबर तिचंही नाव लागतं. जमीन बिल्डरला विकायची ठरते आणि भाऊ तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवतो. आमच्याकडची ही रीत सगळ्यांना माहीत आहे. बहिणीनं आपला कायद्याचा हिस्सा सोडल्याची सही करायची, भावानं साडीचोळी करायची, आणि माहेर शाबूत राहायचं. सही नाही केली तर दिवाळीला बोलावणं नाही.

ती कादंबरी हातात धरवत नव्हती इतकी जिवंत होती. माझ्या हिशेबानं फक्त लांब होती. दोन आठवड्यांनी मी त्यांना बोलावून घेतलं.

"बाई, लिहिलंय उत्तम. पण वर्णन फार आहे."

"कुठलं वर्णन, सर?"

"हे ओढ्याचं. चाळीस पानं बायका नुसत्या ओढ्यावर जातायत आणि येतायत."

"नुसत्या कुठं जातायत? कामाला जातायत."

"कथानक पुढे सरकत नाही."

"तेच कथानक हाय, सर," त्या म्हणाल्या, आणि मग शिक्षिकेसारखं स्वतःलाच दुरुस्त करून, "आहे."

त्या चाळीस पानांत काय होतं? ओढ्याच्या कडेला मिळणारी घोळ, चिघळ, पाथरी ही भाजी, ती कुणाच्या घरी कुठल्या महिन्यात शिजते. बाळंतिणीच्या अंघोळीसाठी निरगुडीचा पाला कोण आणून देतं. गौरीसाठी तेरडा, पाटीभर सरपण, आणि दगडावर धुणं आपटताना बायका घरात बोलता येत नाही ते कसं बोलून घेतात. मी ती चाळीसच्या चाळीस पानं काढली. कादंबरी बरोबर बारा फॉर्मांत बसली.

ती पानं गेल्यावर शेवट टिकणार नव्हता. त्यांच्या शेवटात इंदू सही करत नव्हती.

"भावाला सही न देणारी बहीण वाचकाला पचणार नाही," मी म्हणालो. "वाचनालयातल्या बायकाच पुस्तक परत करतील."

"मग त्यांना विचारू या का?"

"कुणाला?"

"वाचनालयातल्या बायकांना."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. खाली बघून म्हणाल्या, "सर, घरीही कागद पुढ्यात आलेत. माझ्या. वर्ष होत आलं. मी अजून सही केलेली नाही."

म्हणजे मला माहीत होतं. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःची समजूत घालत राहिलो की मला कल्पना नव्हती. ते खोटं आहे. मला माहीत होतं, आणि मी म्हणालो, "आयुष्य वेगळं, कादंबरी वेगळी, बाई."

त्यांचं पहिलंच पुस्तक. शहरातलं ऑफिस, टेबलापलीकडे चष्मा लावलेला माणूस. त्या बराच वेळ नकाशाच्या कापडाची गाठ सोडत-बांधत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला जास्त कळतं."

शेवटचं प्रकरण मी लिहिलं. एका रविवारी दुपारी, घरच्या गॅलरीत बसून. इंदू सही करते, भावाच्या डोळ्यांत पाणी येतं, वहिनी साडीची घडी मोडून तिच्या खांद्यावर टाकते. आयुष्यात मी स्वतः लिहिलेलं एवढंच एक प्रकरण. त्यावर माझं नाव नाही, याचं तेव्हा मला वाईट वाटलं होतं.

पुस्तक चांगलं चाललं. 'भाऊबहिणीच्या नात्याचा हृद्य आविष्कार' असं एका परीक्षणात आलं. ते वाक्य मी मालकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. वर्षभरात एक दिवस दुपारी ऑफिसच्या जिन्यात चपला वाजल्या आणि पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ आत आले.

"नमस्कार साहेब. मी बाळासाहेब. सुमनचा थोरला भाव."

मी खुर्ची दिली.

"पंचवीस पुस्तकं पायजेत."

"एवढी?"

"भावकीत वाटायचीत. लई झाक लिव्हलंय. आमच्या मिसेसनं वाचून दाखवलं मला. शेवटाला तर रडलो बघा." आणि खरंच, सांगतानाही त्यांचा आवाज थोडा ओला झाला. माणूस वाईट नव्हता. "सुमनला कवाधरनं म्हणतोय, कर सही. तर न्हाई म्हणती. वड्याचं काय तरी काढती. आता तिनंच लिव्हलंय म्हटल्यावर परश्नच मिटला की."

मी पुस्तकं काढून दिली. ते दारापर्यंत गेले आणि परत वळले. "साहेब, एक काम कराल का? त्या शेवटच्या पानाला खूण घालून द्या सगळ्यांत. म्हाताऱ्या माणसांना हुडकायला नको."

आमच्याकडे प्रकाशनाचं नाव छापलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या असायच्या. मी पंचवीस पट्ट्या मोजून घेतल्या आणि एकेका प्रतीत शेवटचं प्रकरण उघडून ठेवून दिल्या. त्यांनी चहासाठी फार आग्रह केला. मी नको म्हणालो. एवढंच नको म्हणालो.

त्यानंतर महिन्याभरात सुमनबाई आल्या. दुसऱ्या कादंबरीची पहिली पानं त्यांनी मला वाचायला दिली होती, ती परत मागायला.

"काल रजिस्ट्रारच्या ऑफिसात जाऊन आले," त्या म्हणाल्या. "केली सही."

मी ड्रॉवरमधून त्यांची पानं काढून पुढे ठेवली.

"आदल्या दिवशी घरात सगळे जमले होते. सगळ्यांच्या हातात पुस्तक. दादानं वाचायला लावलं. मी म्हटलं, हे मी लिहिलेलं नाही. तर मावशी म्हणाली, नाव तर तुझंच हाय की वर." त्यांनी पानं मोजून पिशवीत घातली. "तुम्ही येऊन सांगाल का, असं विचारायचं मनात आलं होतं. पण म्हटलं, तुम्ही तरी काय सांगणार."

त्या गेल्या. त्यांनी पुन्हा काही लिहिल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

आता यातली आणखी लाजिरवाणी गोष्ट. कापलेली पानं सहसा रद्दीत जायची, ही मी ठेवली होती. ऑफिसात नवी मुलं संपादन शिकायला आली की मी तो गठ्ठा काढायचो आणि म्हणायचो, "हे बघा, पाल्हाळ कसं ओळखायचं. आणि हा बघा मूळ शेवट, न पेलणारा." निवृत्त झालो तेव्हा गठ्ठा घरी आला. इतकी वर्षं तो टिकला, कारण मी तो चुकीचा नमुना म्हणून जपला होता.

बाराएक वर्षांनी एका मुलीचा फोन आला. पल्लवी मेश्राम, भंडाऱ्याची. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगची नोकरी करत होती, ती सोडून पीएच.डी.ला बसली होती. विषय म्हणे, आशियातल्या लेखिकांच्या कथा-कादंबऱ्यांतला पर्यावरणीय स्त्रीवाद. फोनवर मी दोनदा विचारलं. दुसऱ्या दिवशी ती स्कूटी घेऊन धनकवडीला माझ्या घरी हजर.

"हे नक्की काय प्रकरण आहे?" मी विचारलं. "झाडं म्हणजे देवी आणि बाई म्हणजे धरणी, तेच ना?"

"नाही सर, उलट. ते पुरुष लेखक लिहितात," ती शांतपणे म्हणाली. "बायकांच्या कादंबऱ्या वेगळ्या आहेत. कोरियातली घ्या, बांगलादेशातली घ्या, केरळातली घ्या. पाणी कोण आणते, सरपण कोण आणते, भाजी कोण खुडते? म्हणून ओढा गेला की आधी तिला कळते. बाकीच्यांना नकाशात फक्त रिकामी जागा दिसते. आणि जागा विकायची असली की पहिले तिला गप्प करतात. सगळीकडे हाच पॅटर्न आहे सर, इंटरेस्टिंग आहे."

मग तिनं पिशवीतून सुमनबाईंची कादंबरी काढली. वाचनालयाची जुनी प्रत, त्यात माझी पुठ्ठ्याची पट्टी नव्हती एवढंच नशीब.

"या कादंबरीत मला एक बग सापडला."

"काय सापडलं?"

"शेवटचं प्रकरण दुसऱ्या कुणी लिहिलंय. मी चार वर्षं टेस्टिंगमध्ये होती सर, दोघांनी लिहिलेला कोड ओळखू येते. अख्ख्या पुस्तकात इंदू एकदाही रडत नाही. हाताला काय लागलं, कशाचा वास आला, ते सांगते. शेवटच्या बारा पानांत सगळे रडतात आणि कशालाच वास नाही. मधे पण काहीतरी काढलंय. ती दोनदा म्हणते, 'मागं सांगितलं तसं'. मागं कुठंच सांगितलेलं नाही."

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत माझं काम कुणी इतकं नीट वाचलं नव्हतं. मी म्हणालो, "लेखिकेचाच शेवट आहे तो. तुमचा काही तरी गैरसमज होतोय."

ती "ओके सर" म्हणाली, चहा प्यायली आणि गेली. मी खोटं बोललो हे तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे मला.

तीन आठवडे मी त्या गठ्ठ्याच्या आसपास फिरलो. मग तिला बोलावलं आणि गठ्ठा तिच्या पुढ्यात ठेवला. "वाचा," म्हणालो. "मोठ्यानं वाचा. मी ही पानं पेन्सिल हातात न घेता कधी ऐकलेली नाहीत."

तिनं शेवट वाचला. इंदू निबंधकाच्या कचेरीत बाकावर बसली आहे. सही कुठे करायची ते दाखवायला भाऊ बोट ठेवतो, ती म्हणते, आधी वाचते. त्यात लिहिलेलं असतं, ओढ्याकडेचे बावीस गुंठे, पोटखराबा. उताऱ्यावर पिकाच्या कामाची नसलेली जमीन या नावानं लिहितात. इंदू पेन खाली ठेवते आणि कारकुनाला म्हणते, "यात काय काय होतं ते लिहून घ्या, मग करते सही." कारकून म्हणतो, कागदावर जागा नाही. ती म्हणते, मग कागद आणा. आणि ती सांगू लागते. घोळ, चिघळ, पाथरी, कुणाच्या बाळंतपणाची निरगुडी, कुणाच्या गौरीचा तेरडा. भाऊ बाहेर जाऊन तंबाखू मळतो, परत येतो, पुन्हा जातो. कचेरीतल्या इतर बायका जवळ सरकतात आणि आपापलं सांगायला लागतात. कचेरी बंद व्हायची वेळ होते तरी यादी संपत नाही. तिथे कादंबरी संपत होती.

ती चाळीस पानं म्हणजे ही यादी होती. मी आधी यादी काढून टाकली होती आणि मग म्हटलं होतं, शेवट पेलत नाही.

पल्लवीनं पानं खाली ठेवली. "सर, तुम्ही हे ठेवलं कशाला?"

मी तिला खरं कारण सांगितलं. तिनं पानं पुन्हा उचलून क्रमानं लावली. मग म्हणाली, "वाचलं ना पण, रद्दीत नाही गेलं. चला, त्यांना विचारू."

मी गेलो नाही. तीच लोणीला गेली. सुमनबाई आता निवृत्त झाल्या होत्या. पल्लवी निरोप घेऊन आली, "छापा म्हणाल्या. जसं होतं तसं. आणि तुम्हाला मुद्रितं बघायला जमेल का, विचारलंय."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. पण खरंच विचारलं होतं. दोन तरुण मुलींनी कोथरूडला नवं प्रकाशन सुरू केलं होतं, त्यांनी मूळ संहिता छापायला घेतली, आणि मी दोन महिने मुद्रितं तपासली. एक शब्द इकडचा तिकडे करायचा अधिकार मला नव्हता. त्या दोन महिन्यांत मी ती कादंबरी पहिल्यांदा वाचली. पंधरावा फॉर्म अर्धवट भरला आणि सात पानं कोरी राहिली. त्या मुली म्हणाल्या, राहू देत, वाचणाऱ्यांना आपल्या याद्या लिहिता येतील.

मी त्या आवृत्तीसाठी दोन पानांचं निवेदन लिहून दिलं होतं. सगळं कबूल केलं होतं, पंचवीस पट्ट्यांसकट. ते सुमनबाईंकडून परत आलं. साध्या पेन्सिलीनं दोन्ही पानांवर एकेक तिरकी रेघ, आणि खाली गोल शाळकरी अक्षरात, "सर, हे पुस्तक तुमच्याबद्दल नाही. मूळ संहिता छापली आहे, एवढ्या दोन ओळी पुरेत. बाकीचं मला सांगायचं असेल तर घरी या."

अठ्ठावीस वर्षांत इतकं अचूक संपादन मी केलेलं नाही.

पुस्तक येऊन आता काही वर्षं झाली. त्यांची जमीन गेली ती गेली, तिथे इमारती आहेत आणि संगणकावर काम करणारी कुटुंबं त्यांत राहतात. पण ओढा त्यांच्या भिंतीमागून अजून वाहतो. त्यात राडारोडा टाकणारे डंपर पहिल्यांदा थांबवले ते त्या इमारतींतल्या बायकांनी. त्यातल्या एकीनं कादंबरी वाचून सोसायटीच्या ग्रुपवर टाकली होती. लोणीत बचत गटाच्या बायकांनी शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचलं आणि कोऱ्या पानांवर खरंच याद्या केल्या. हक्कसोडीचा कागद आला की आता तिथल्या बायका आधी सुमनबाईंकडे घेऊन येतात. सगळ्या नकार देतात असं नाही. काही सही करतात, पण वाचून करतात. एकीनं विहिरीची वाट लिहून घेतल्याशिवाय पेन हातात धरलं नाही. दोघी बहिणींनी सही केली नाही, आणि पल्लवी सांगत होती, त्यांच्या भावानं कुरकुरत का होईना, दिवाळीला त्यांना बोलावलं.

यंदा उन्हाळ्यात मी लोणीला गेलो. एकटा, दोन बस बदलून. वाक्य पाठ करून गेलो होतो. 'बाई, तुमचा शेवट बरोबर होता, आणि मला तो तेव्हाही कळला होता.' शेवटचा भाग महत्त्वाचा होता. तो मी अजून कुणालाच सांगितलेला नव्हता, पल्लवीलाही नाही.

ओसरीवर चार-पाच मुली उतारे पसरून बसल्या होत्या. सुमनबाईंचे केस पूर्ण पांढरे झाले आहेत. मला बघून त्या उठल्या नाहीत, पण सरकून जागा केली.

"बसा सर. आलात ते बरं झालं." मग मुलींना म्हणाल्या, "पोरींनो, जरा परसात बसा. सरांना बोलायचंय."

मुली उठून गेल्या. सुमनबाईंनी आतून चहा आणला, माझ्यासमोर ठेवला, आणि हात मांडीवर घेऊन बसल्या. घाई नव्हती त्यांना. मी कप उचलला, खाली ठेवला, परत उचलला.

"चहा छान झालाय," मी म्हणालो.

"आलं घातलंय," त्या म्हणाल्या.

त्या आणखी थोडा वेळ थांबल्या. मी कप संपवला. मग त्यांनी परसाकडे बघून मुलींना आत बोलावलं.